अमरावतीचा महास्तूप: उचललेले दगड आणि हरवलेल्या जागा

विचारलेला प्रश्न असा आहे: आंध्र प्रदेशातील अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे इंग्रजी अमदानीत मद्रासला आणि लंडनला नेण्यात आली, ती लुटली गेली असे म्हणावे की विनाशापासून वाचवली गेली असे म्हणावे, आणि आज ती परत आणता येतील का? दगडी शिल्पांचे जतन आणि त्यांच्या मूळ जागांचा शोध हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे. लूट म्हणणाऱ्यांच्या बाजूने पुरावा आहे आणि बचाव म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही थोडाफार आहे. पण जी हानी लंडनने उद्या सगळे दगड परत पाठवले तरी भरून निघणार नाही, ती या दोन्ही शब्दांत मावत नाही. बहुतेक दगड उचलताना ते नेमके कुठे होते, कोणाच्या शेजारी होते आणि कोणत्या दिशेला तोंड करून होते, हे कोणी लिहून ठेवले नाही. या प्रकरणात कोणाला किती दोष द्यायचा ते मी याच कसोटीवर ठरवतो.

ही अमरावती विदर्भातली नव्हे. कृष्णेच्या दक्षिण तीरावर, प्राचीन धान्यकटक म्हणजे आजच्या धरणीकोट्याला लागून, इसवी सनापूर्वीच्या शतकांत एक स्तूप उभा राहिला आणि पुढे सातवाहनांच्या काळात त्याला त्याचे सर्वांत भव्य रूप मिळाले. पैठण आणि नाशिकशी ज्यांचे नाव आपण जोडतो, त्याच घराण्यातील वासिष्ठीपुत्र पुळुमावीचा उल्लेख अमरावतीच्या एका दानलेखात आहे, म्हणून मराठी वाचकाला हे स्मारक परके वाटण्याचे कारण नाही. स्तूपाच्या मेधीचा, म्हणजे खालच्या गोल चौथऱ्याचा, व्यास सुमारे ५० मीटर होता. तिच्या चारही दिशांना पुढे आलेले आयक मंच होते, प्रत्येक मंचावर पाच स्तंभ होते, भोवती प्रदक्षिणापथ होता आणि त्याच्या बाहेर उंच दगडी वेदिका, म्हणजे कठडा, होती. पलनाडच्या हिरवट झाक असलेल्या पांढऱ्या चुनखडकात हे सारे कोरलेले होते. वेदिकेचे स्तंभ, त्यांना जोडणाऱ्या आडव्या सूची, त्यांच्या डोक्यावरून जाणारा आडवा उष्णीष, मेधीला मढवणारे शिलापट्ट, अंडाच्या म्हणजे घुमटाच्या खालच्या भागावरची फरसबंदी, अशा प्रत्येक भागाला ठरलेली जागा होती. प्रदक्षिणा करणाऱ्याला बुद्धचरित्रातील आणि जातकांतील, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथांतील, प्रसंग चालता चालता एकामागून एक दिसत जावेत, अशी ही रचना होती.

या दगडांवरचे दानलेख वाचले की दान कोणी दिले ते कळते. त्यांत राजे थोडे आहेत. गृहपती आहेत, भिक्षू आणि भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत. विधिक नावाच्या एका चर्मकाराने आई, पत्नी, भाऊ आणि मुलाबाळांसह पूर्णघट म्हणजे भरलेला मंगल कलश कोरलेला एक शिलापट्ट दान दिल्याचा लेख तर मला संपूर्ण अमरावतीतला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याने नुसता एक कोरीव दगड दिला नव्हता. महास्तूपाच्या अंगावरची एक जागा त्याने आपल्या कुटुंबाच्या नावे पुण्यासाठी भरली होती. तो पट्ट तिथून निघाला की लेख शाबूत राहतो, पण त्याने भरलेली जागा मात्र रिकामी होते.

स्तूप कधी ओसाड पडला याबद्दल एक गैरसमज आहे की इंग्रज येण्याच्या हजार वर्षे आधीच सगळे विस्मृतीत गेले होते. श्रीलंकेतील गडलादेणिय येथील १३४४ च्या शिलालेखात धर्मकीर्ती नावाच्या स्थविराने म्हणजे ज्येष्ठ भिक्षूने धान्यकटकात एका प्रतिमागृहाचा जीर्णोद्धार केल्याचे नोंदलेले आहे. म्हणजे चौदाव्या शतकापर्यंत समुद्रापलीकडच्या बौद्धांना हे ठिकाण ठाऊक होते आणि ते त्याची काळजी घेत होते. तिबेटी परंपरेत तर बुद्धांनी कालचक्र या तांत्रिक साधनेचा उपदेश धान्यकटकाच्या स्तूपात केला अशी श्रद्धा आहे, आणि त्यामुळेच जानेवारी २००६ मध्ये दलाई लामांनी कालचक्र दीक्षेचा सोहळा अमरावतीला केला. मालकीच्या वादात 'या जागेवर श्रद्धा ठेवणारे कोणी उरलेच नव्हते' असा युक्तिवाद केला जातो, तेव्हा ही माहिती हाताशी असावी.

आता दगड हलले कसे, ते पाहू. सुरुवात इंग्रजांनी केली नाही. चिंतपल्लीचे जमीनदार राजा वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू यांनी १७९६ च्या सुमारास आपली राजधानी अमरावतीला हलवली आणि नव्या वस्तीसाठी त्यांच्या माणसांनी दीपालदिन्ने नावाच्या टेकाडातून विटा आणि दगड काढायला प्रारंभ केला. ते टेकाड म्हणजेच स्तूप होता. ही बातमी लागून कॉलिन मॅकेन्झी हे कंपनीचे सर्वेक्षण अधिकारी १७९७-९८ च्या सुमारास तिथे येऊन गेले. ते १८१६ मध्ये परतले तेव्हा टेकाडाच्या मधोमध तलाव खोदलेला होता, आणि अनेक शिलापट्ट पायऱ्यांना, भिंतींना आणि इतर बांधकामांना लागलेले होते. जमीनदाराला या दगडांचे महत्त्व माहीत नव्हते एवढे म्हणून हा भाग सोडून देणे मला पटत नाही. स्तूपाच्या गाभ्याची सर्वांत मोठी मोडतोड याच वीस वर्षांत झाली, आणि ती आपल्याच माणसांनी केली.

मॅकेन्झी यांच्याबद्दल मात्र मला आदराने लिहावेसे वाटते. त्यांनी आपल्या आरेखकांकडून टेकाडाचा नकाशा आणि शिल्पांची ८० हून अधिक रेखाचित्रे करून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जॉन न्यूमन, हेन्री हॅमिल्टन अशा आरेखकांनी एकेका पट्टाची मोडलेली कडसुद्धा जशीच्या तशी उतरवली आहे. त्या चित्रांतले कितीतरी दगड पुढे नाहीसे झाले आणि आज ते फक्त कागदावर आहेत. काही दगड त्यांनी स्वतः कोलकात्याला पाठवले, तिथून काही लंडनला गेले, म्हणजे उचलेगिरीत त्यांचाही हात आहे. तरीही दगड हलवणाऱ्यांत नोंद ठेवणारा पहिला माणूस तोच, आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला त्याच्याच नकाशाकडे परत यावे लागले.

त्यानंतर १८३० च्या सुमारास मछलीपट्टणचे इंग्रज अधिकारी रॉबर्टसन यांनी नव्या बाजारपेठेच्या चौकाला शोभा यावी म्हणून अमरावतीहून ३३ शिलापट्ट आणवले आणि तिथे एका चौथऱ्याभोवती लावले. मद्रासचे गव्हर्नर सर फ्रेडरिक ॲडम १८३५ मध्ये तिकडे गेले, ते दगड त्यांनी पाहिले आणि मद्रासला हलवण्याची आज्ञा दिली. प्रत्यक्षात काही दगड एका बंगल्याच्या बागेत जाऊन बसले आणि मद्रासला पोचायला आणखी वीस वर्षे गेली. या प्रकाराला मी बचाव म्हणू शकत नाही. बाजाराची सजावट हाच तिथे हेतू होता आणि तो कोणी लपवलाही नव्हता.

मग येतात वॉल्टर एलियट. गुंटूरचे कमिशनर असताना त्यांनी १८४५ मध्ये स्तूपाच्या पश्चिम भागात खोदकाम केले आणि मोठ्या संख्येने शिल्पे मद्रासला रवाना केली. एलियट विद्वान होते, दक्षिणेच्या इतिहासाची आणि नाण्यांची त्यांना खरी आस्था होती. म्हणूनच त्यांच्या खोदकामाची कामाला येईल अशी नोंद हाती राहिलेली नाही, याचे वाईट वाटते. मद्रासला आलेले दगड कित्येक वर्षे उघड्यावर, ऊनपावसात पडून होते. तिथले संग्रहालय १८५१ मध्ये स्थापन झाल्यावर त्याचे प्रमुख एडवर्ड बाल्फोर यांनी त्यांची दखल घ्यायला लावली, विल्यम टेलर यांनी १८५६ मध्ये त्यांच्यावर अहवाल लिहिला, मुरुगेस मुदलियार या चित्रकाराने त्यांची चित्रे काढली आणि लिनियस ट्राइप यांनी १८५८ मध्ये त्यांची छायाचित्रे घेतली. माझ्यासारख्याला ट्राइप यांची छायाचित्रे फार उपयोगी पडतात, कारण जहाजावर चढण्यापूर्वी दगडाचा पृष्ठभाग कसा होता, हे त्यांवरून ताडून पाहता येते.

सुमारे १२० शिल्पे १८५९ मध्ये जहाजाने निघाली आणि पुढच्या वर्षी लंडनला पोचली. ती मागवणारी ईस्ट इंडिया कंपनी तोवर संपुष्टात आली होती, तिच्या संग्रहालयाला पक्की जागा नव्हती, त्यामुळे दगड आधी थेम्सकाठच्या एका धक्क्यावर आणि नंतर व्हाइटहॉलमधील फाइफ हाउसच्या आवारात, घोडागाड्यांच्या पागेत पडून राहिले. त्यांतले काही इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर लावले गेले. त्या काळच्या लंडनच्या हवेत कोळशाचा धूर किती होता हे लक्षात घेतले तर याचा अर्थ कळेल. इंग्रजांनी या दगडांना संगमरवर म्हटले, पण हा चुनखडक आहे. धुरातील गंधकाचे वायू ओलाव्यात मिसळले की त्यांचे आम्ल होते, ते चुनखडकाच्या पृष्ठभागाचे जिप्सममध्ये रूपांतर करते, आणि मग काळी खपली धरून बारीक कोरीवकाम तिच्याबरोबर सुटून येते. सोळा-सतरा शतके टिकून राहिलेली कोर अशी काही हिवाळ्यांत झिजू शकते.

जेम्स फर्ग्युसन या वास्तुइतिहासकाराला १८६७ मध्ये हे दगड त्या पागेत आढळले. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे मांडली गेली, आणि १८६८ मध्ये त्याने सांची व अमरावती या दोन्ही स्तूपांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्तूपाची मांडणी जुळवताना एलियट यांच्याकडून त्याला फारसे काही मिळाले नाही. पंचेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या मॅकेन्झींचा नकाशा आणि चित्रे हाच त्याचा मुख्य आधार होता. भारतविषयक ते संग्रहालय मोडल्यावर १८८० मध्ये शिल्पे ब्रिटिश म्युझियमकडे आली आणि तिथल्या मुख्य जिन्याच्या भिंतींवर लागली. विसाव्या शतकात पुष्कळ वर्षे ती तळघरात होती. आर्द्रता नियंत्रित असलेले काचेआडचे स्वतंत्र दालन त्यांना १९९२ मध्ये मिळाले. 'इंग्रजांनी नेली म्हणून वाचली' असे म्हणणाऱ्यांनी १८४५ ते १९९२ ही जवळजवळ दीडशे वर्षे नीट पाहावीत. आज त्यांची काळजी उत्तम घेतली जाते हे खरे आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो. पण मद्रासचे अंगण, लंडनचा धक्का, पागा आणि धुराने काळी झालेली भिंत या प्रवासाला संरक्षण म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

इकडे अमरावतीला अजून बरेच शिल्लक होते. रॉबर्ट स्यूएल यांनी १८७७ मध्ये उत्खनन केले आणि त्यांनी दगड सापडलेल्या जागा नकाशावर टिपून अहवाल लिहिला, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. परंतु १८८० मध्ये मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी संपूर्ण जागा मोकळी करण्याचा हुकूम दिला. स्तूपाचा उरलेला गाभा खोदून काढला गेला आणि मधे मोठा खड्डा राहिला. आजच्या उत्खननात आपण थरांचा जो क्रम वाचतो, ज्यावरून कोणते बांधकाम आधीचे आणि कोणते नंतरचे हे ठरते, तो क्रम त्या कामात मातीच्या ढिगाऱ्यांबरोबर गेला. माझ्या मते अमरावतीवरचा हा सर्वांत मोठा आघात, आणि तो कोणत्याही चोराने केलेला नाही. सरकारी आज्ञेने, सरकारी खर्चाने, जागेची साफसफाई म्हणून तो केला गेला.

या घटनेनंतर, १८८१-८२ च्या हंगामात, जेम्स बर्जेस आले. अजिंठा, वेरूळ आणि पश्चिम भारतातील लेण्यांच्या सर्वेक्षणामुळे आणि पंडित भगवानलाल इंद्रजींबरोबर केलेल्या लेण्यांतील शिलालेखांच्या कामामुळे महाराष्ट्रातील अभ्यासकांना हे नाव परिचयाचे आहे. बर्जेस यांनी उरलेल्या शिल्पांची नोंद केली, लेखांचे वाचन करवून घेतले, आणि निवडक दगड मद्रासच्या संग्रहालयात न्यावेत अशी शिफारस केली. प्राचीन स्मारकांचे क्युरेटर एच. एच. कोल यांनी याला कडाडून विरोध केला. शिल्पे जागेवरच राहावीत, संग्रहालयांनी प्लॅस्टरच्या प्रतिकृती घ्याव्यात, आणि देशाची मूळ कलाकृतींची लूट होऊ देणे हे आत्मघातकी धोरण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कोल यांचे बोलणे पोकळ नव्हते; सांचीच्या पूर्व तोरणाची पूर्ण आकाराची प्रतिकृती त्यांनीच १८६९-७० मध्ये करवून घेतली होती, त्यामुळे युरोपातील संग्रहालयांची भूक प्रतिकृतींवर भागवता येते, हे त्यांनी करून दाखवले होते. सांचीची तोरणे आजही सांचीला उभी आहेत त्यामागे भोपाळच्या बेगमांचे पाठबळ आहे आणि प्रतिकृतींचा हा मार्गही आहे. अमरावतीबाबत मात्र कोल यांचे कोणी ऐकले नाही आणि दगड मद्रासला गेले.

बर्जेस की कोल, असा प्रश्न आला तर मी त्या परिस्थितीतही कोल यांच्या बाजूने उभा राहीन. बर्जेस यांची भीती खोटी नव्हती, गावात दगड जाळून चुना करणे चालू होते आणि राखण करणारे कोणी नव्हते. पण जे सरकार शेकडो टन दगड मछलीपट्टणमार्गे मद्रासला नेऊ शकत होते, ते एक छप्पर आणि चार पहारेकरी ठेवू शकत नव्हते, असे मानता येत नाही. आणि मद्रासमध्ये काय झाले? शिलापट्ट संग्रहालयाच्या भिंतींत पोर्टलंड सिमेंटने पक्के बसवले गेले. सिमेंटमधील क्षार ओलाव्याबरोबर चुनखडकात शिरतात, पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक होतात आणि ते फुगले की पापुद्रे सुटतात. शिवाय भिंतीत बसवलेल्या पट्टाची मागची बाजू दिसेनाशी होते. अमरावतीत हे विशेष घातक आहे, कारण इथे जुने पट्ट उलटे फिरवून पुन्हा कोरण्याची रीत होती. ब्रिटिश म्युझियममधला एक प्रसिद्ध पट्ट घ्या: एका बाजूला इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचे, बोधिवृक्षाखालील रिक्त आसनाला वंदन करणारे भक्त आहेत, दुसऱ्या बाजूला तीनेक शतकांनंतरचा, संपूर्ण स्तूपाचे चित्र असलेला देखावा आहे. बुद्धाला चिन्हांतून दाखवण्याच्या काळापासून स्तूपाच्या परिपूर्ण रूपापर्यंतचा प्रवास एकाच दगडाच्या पाठपोटावर आहे. असा दगड सिमेंटने भिंतीत गाडला असता तर अर्धा इतिहास दिसलाच नसता.

मूळ जागेची माहिती गेल्यावर कामात नेमकी काय अडचण येते, तेही सांगतो. अमरावतीचा एखादा तुकडा हाती आला की त्याची जाडी, मागच्या बाजूचा ओबडधोबडपणा, खाचांची रुंदी, कडेची गोलाई आणि उतार मोजून तो वेदिकेचा की मेधीचा की उष्णीषाचा हे ठरवता येते. तो कोणत्या दिशेचा, हे मात्र दगड सांगत नाही. कथेतील प्रसंग ओळखता येतो, पण त्याच्या आधी आणि नंतर कोणता प्रसंग होता हे कळत नाही, आणि एकाच स्तंभाचे दोन भाग दोन देशांत असले तर त्यांच्या मोडलेल्या कडा एकमेकींना लावून पाहण्याची सोयच नसते. नलगिरी हत्तीला शांत करणाऱ्या बुद्धाचे पदक, म्हणजे गोल शिल्पचौकट, चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आहे. बिथरलेला हत्ती, पळणारी माणसे, गवाक्षांतून पाहणाऱ्या स्त्रिया आणि समोर शांत उभे असलेले बुद्ध एवढ्याशा वर्तुळात कोरणारा शिल्पकार भारतीय कलेतील थोरांपैकी होता, यात मला शंका नाही. पण प्रदक्षिणा करणारा भक्त त्या पदकापाशी कोणत्या प्रसंगानंतर येत असे, याचे उत्तर आता तर्कानेच द्यावे लागते.

महाराष्ट्राशी तुलना केली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. आपली बौद्ध स्मारके बहुतांशी डोंगरात कोरलेली आहेत, आणि डोंगर बैलगाडीत घालून नेता येत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभावरचा दानलेख वाचताना आपण त्या दात्याने दिलेल्या स्तंभासमोरच उभे असतो. कान्हेरी आणि जुन्नरलाही तसेच आहे. इथून जे गेले ते सुटे करता येण्याजोगे होते. अजिंठ्याच्या भिंतीवरचे चित्रांचे तुकडे सोलून नेले गेले, त्यांतला एक आज बॉस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. सोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी काढलेला धातुकरंडक आणि त्याभोवतीच्या आठ बुद्धमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आल्या. सोपाऱ्याचे काम त्या काळाच्या मानाने नोंदींसह झाले, म्हणून करंडकाच्या आत काय कशात ठेवले होते हे आपल्याला आजही सांगता येते. एलियट यांच्या शेकडो दगडांपेक्षा या एका करंडकाबद्दल आपल्याला अधिक नेमके ठाऊक आहे.

आता परत आणण्याबद्दल. कायद्याच्या वाटेने लंडनकडून ही शिल्पे मिळवणे आज जवळजवळ अशक्य आहे. सांस्कृतिक मालमत्तेच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे आणि तो मागच्या काळाला लागू होत नाही. आपला पुरावशेष व कलानिधी कायदा १९७२ चा आहे. आणि ब्रिटिश म्युझियमचा १९६३ चा कायदा तिथल्या विश्वस्तांना काही अपवाद वगळता संग्रहातील वस्तू कायमची देण्यास मनाई करतो. आधुनिक चोरीचे प्रकरण वेगळे असते. आंध्रातीलच चंदवरम येथून चोरीला गेलेला बुद्धपूजकांचा शिलापट्ट ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने २०१६ मध्ये भारताला परत केला, कारण तो पट्ट भारतात असतानाचे छायाचित्र सापडले आणि मग वादाला जागा उरली नाही. एकोणिसाव्या शतकातील दगडांबाबत कागद आहेत, पण ते सरकारी हुकुमाचे आहेत. ज्या सरकारने ते काढले ते परके होते आणि ज्यांच्या भूमीतून दगड गेले त्यांना कोणी विचारले नव्हते, हा आक्षेप नैतिक दृष्ट्या मला पूर्ण मान्य आहे. न्यायालयात तो टिकेल असे मात्र वाटत नाही.

न्यायालयाबाहेर मार्ग निघतात. सांचीजवळून १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी काढलेल्या, सारिपुत्र आणि मौद्गल्यायन यांच्या अस्थी लंडनहून परत आल्या आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठापित झाल्या. त्यामागे बौद्धांची अनेक वर्षांची मागणी होती. पिप्राहवा येथील स्तूपातून १८९८ मध्ये निघालेली रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात येणार होती. भारत सरकारने नोटीस दिल्यावर लिलाव थांबला आणि जुलैमध्ये मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती भारतात आली. या दोन्ही प्रकरणांत कोणत्या स्तूपातून काय निघाले, हे निर्विवाद होते. अमरावतीसाठी मागणी करताना माझा आग्रह असा राहील की दीर्घ मुदतीच्या उसनवारीने निवडक शिल्पे आणि सर्व शिल्पांची त्रिमितीय मापे, या दोन गोष्टी आधी मागाव्यात. लंडन, चेन्नई, कोलकाता, दिल्ली आणि खुद्द अमरावतीचे संग्रहालय या सर्व ठिकाणच्या दगडांची मापे एकत्र आली तर मोडलेल्या कडा संगणकावर जुळवता येतील आणि मॅकेन्झींच्या नकाशावर काही दगडांना त्यांची दिशा परत देता येईल.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. अमरावतीच्या शिल्पांचा मोठा भाग भारतातच, चेन्नईत आहे. तोही मूळ जागेवर नाही, आणि तो तिथे नेणारा निर्णयही वसाहतकाळातलाच आहे. लंडनकडे बोट दाखवताना चेन्नई आणि अमरावती यांच्यातले काही शे किलोमीटरचे अंतर आपण मोजत नाही. ब्रिटिश संसदेचा कोणताही कायदा या अंतराच्या आड येत नाही. अमरावतीला योग्य हवामाननियंत्रित इमारत बांधून चेन्नईतील काही शिल्पे तिथे उसनी मांडणे हे आपल्या दोन राज्यांनी ठरवले तर होऊ शकते.

शेवटी, सामान्य वाचक काय करू शकतो, असे अशा चर्चेत हमखास विचारले जाते. आपल्या गावात देवळाचा जीर्णोद्धार किंवा रस्त्याचे रुंदीकरण निघाले की वीरगळ, सतीशिळा, मूर्तींचे तुकडे, कधीकधी एखाद्या जुन्या विहाराचा कोरीव दगड बाजूला काढून ठेवला जातो. तो हलवण्याआधी जागेवर असतानाच चारही बाजूंनी आणि शक्य असल्यास मागूनही छायाचित्रे घ्यावीत. एका छायाचित्रात मोजपट्टी आणि दुसऱ्यात आजूबाजूची ओळखीची खूण यावी. दगडाचे तोंड कोणत्या दिशेला होते, तो किती खोल पुरलेला होता आणि शेजारी आणखी काय होते हे कागदावर तारखेसह लिहावे. दगडावर तेलरंग लावू नये आणि तो सिमेंटने कुठेही पक्का करू नये. उभा करायचाच असेल तर चुन्याचा किंवा नुसत्या वाळूचा आधार द्यावा, म्हणजे पुढे तो न दुखावता काढता येतो. या टिपणाची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी आणि एक राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवावी.